ध्रुवीयता 'मोजली' की 'काढली'?

प्रश्न: औषधशोधावरचा मजकूर मराठीत आणतोय. रेणूची ध्रुवीयता मोजून तो पेशीपटलातून पार जाईल का, याचा अंदाज बांधतात असं त्यात आहे. 'द्विध्रुव आघूर्ण' (रेणूतल्या विद्युतभारांच्या असमतोलाचं एकूण माप) लिहिलं तर चालेल? आणि पटलातून पार जाण्याच्या गुणाला 'पार्यता' म्हणू की 'पारगम्यता'?

– आघूर्ण नको. १,४-डायनायट्रोबेंझीनमध्ये दोन नायट्रो गट समोरासमोर असल्याने आघूर्ण शून्य भरतं, पण म्हणून ते गट ध्रुवीय नाहीत असं थोडंच आहे! इथे पाहतात ते रेणूच्या पृष्ठभागापैकी नायट्रोजन, ऑक्सिजन आणि त्यांना जोडलेल्या हायड्रोजनने व्यापलेला भाग. 'ध्रुवीय पृष्ठफळ' म्हणा. एकक चौरस अँगस्ट्रॉम. पटलाचा गाभा मेदाचा. त्यात शिरायचं तर या भागाला धरून बसलेलं पाणी सोडावं लागतं, आणि तिथेच ऊर्जा खर्च होते.

प्रोप्रॅनोलॉल आणि अॅटेनोलॉल ही रक्तदाबावरची दोन औषधं शेजारी ठेवून बघा. पहिल्याचं पृष्ठफळ ४१.५, दुसऱ्याचं ८४.६. बाजूची साखळी तीच. ही सगळी तफावत एकट्या अमाइड गटाची. प्रोप्रॅनोलॉल मेंदूत सहज पोचतं, अॅटेनोलॉल फारसं नाही.

– शब्द पटला, पण 'मोजून' खटकतं. हे आकडे मोजलेले नाहीत, हिशेबाने काढलेले आहेत. अर्टल व सहकाऱ्यांनी २००० साली दिलेल्या पद्धतीत प्रत्येक गटाचा आकडा ठरलेला असतो. रचनासूत्र बघायचं आणि बेरीज करायची. लाखो रेणू चाळायला झकास. मात्र रेणू घडी घालून बसला तर बेरजेला त्याचा पत्ता नसतो. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची बेरीज २८०च्या आसपास येते. तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी १४०च्या आत राहावं असा वेबर यांचा २००२चा निकष, म्हणजे हे बाद व्हायला हवं. तरी ते तोंडावाटे देतात. मेदात शिरताना त्याचे काही एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) गट आतल्या आत हायड्रोजन बंध जुळवून झाकले जातात.

खरंच मोजायचं तर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे स्तंभातून जाताना रेणू वेगळे करण्याची पद्धत: अतिक्रांतिक (दाबाखाली वायू-द्रव भेद न उरलेल्या) कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात रेणू ध्रुवीय स्तंभातून सोडायचा. उघडी ध्रुवीयता जास्त, तर बाहेर पडायला उशीर. तिथे 'मोजली' शोभतं.

– 'अर्धपार्य पटल' रुळलेलं आहे, तेव्हा 'पार्यता'च घ्या. 'शोषण' मात्र तिच्याऐवजी वापरू नका. शोषणात विद्राव्यता येते, शिवाय रेणूला पेशीतून परत बाहेर फेकणारी वाहक प्रथिनंही येतात. कृत्रिम पटलातून आरामात पार झालेला रेणू आतड्यात अडकू शकतो, आणि तुमच्या वाक्यात नेमका हाच फरक पुसला जाईल.