ऑक्टोबरच्या सुट्टीत ताइशान: आईबाबांना न्यावं का?

निंबोणी

नमस्कार मंडळी. आम्ही चीनमध्ये सुझौला असतो. आईबाबा सप्टेंबरअखेर नाशिकहून येतायत आणि नवऱ्याला सलग सुट्टी मिळते ती फक्त राष्ट्रीय दिनाची, १ ते ७ ऑक्टोबर. बाबांनी ताइशान या शान्तोंग प्रांतातल्या पवित्र डोंगराबद्दल कुठेतरी वाचलंय, आता दुसरं नावच काढत नाहीत. वय ६६, पण अजून दरवर्षी सप्तशृंगी पायऱ्यांनी चढतात. आईचे गुडघे मात्र कुरकुरतात. ऑफिसातल्या चिनी मैत्रिणी म्हणतात, रात्री चढायला लागा, सूर्योदय बघा, सगळे तसंच करतात. आणि त्याच पुढे म्हणतात की सुट्टीत जाऊच नका! शिवाय आईबाबा शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. जाणकारांनी सांगा.

दगडू_जिनानकर

मी जिनानला नोकरीला होतो. तिथून ताइआन, म्हणजे ताइशानच्या पायथ्याचं शहर, जलद गाडीने वीसेक मिनिटं, त्यामुळे घरी पाहुणे आले की ताइशान ठरलेला. सुट्टीतलाही पाहिलाय आणि मोकळाही.

जा. पण रात्री चढू नका. सगळे तसंच करतात हे मैत्रिणींचं म्हणणं खरंय, आणि नेमकं तेच कारण आहे. कॉलेजची पोरं रात्री दहा-अकराला पायथ्याच्या होंगमन दरवाज्याहून निघतात, पहाटे माथ्यावर पोचतात आणि मग वारा असा झोंबतो की भाड्याने मिळणारे हिरवे लष्करी कोट पांघरून भिंतीच्या आडोशाला गाठोड्यासारखी पडून राहतात. २०२३च्या मे महिन्यातल्या सुट्टीत लोकांनी स्वच्छतागृहात रात्र काढल्याचे फोटो देशभर फिरले होते. एवढं करून सहाच्या सुमारास ढग असले तर सूर्य दिसतच नाही. मग ती सगळी फौज एकदम उतरायला लागते. वय २० असेल तर मजा आहे, ६६ ला नाही.

गर्दी डोंगरभर सारखी नसते हे लक्षात घ्या. होंगमन ते चोंगथ्येनमन (निम्म्या वाटेवरचा थांबा) हा खालचा टप्पा झाडीचा, देवळांचा, तिथे चालता येतं. खरी कोंडी दोन ठिकाणी. एक चोंगथ्येनमन, कारण पायी आलेले, बसने आलेले आणि रोपवेला जाणारे तिथे एकत्र येतात. दुसरी शिबापान. माथ्याजवळच्या नानथ्येनमन दरवाज्याखालचा हा उभा जिना, दीड हजारांहून जास्त पायऱ्या. सुट्टीत तिथे तुमच्या नाकासमोर पुढच्याची टाच असते. पायरी इतकी अरुंद की पाऊल तिरकं ठेवावं लागतं. एक पायरी चढायची, थांबायचं, परत एक. मागून गाईडचा कर्णा, शेजारी कुणीतरी काकडी कचाकचा खातंय, आणि प्रत्येकाकडे पायथ्याशी घेतलेली बांबूची काठी. ती पिशवीला आडवी खोचलेला माणूस वळला की मागच्याच्या चष्म्याचं काही खरं नाही. पण भांडणं मी तिथे फारशी पाहिली नाहीत. ढकलाढकली होते ती रोपवेच्या रांगेत. जिन्यावर तेवढा दम कुणाला उरलेला असतो!

मी काय करेन सांगतो. १ ते ३ तारीख सरळ सोडून द्या, ५ किंवा ६ ला जा. परतीचं रेल्वेचं तिकीट मात्र १५ दिवस आधी, विक्री सुरू होताक्षणी घ्या. त्या आठवड्याच्या शेवटी अख्खा देश घरी परतत असतो. बाबा आणि जावईबापू सकाळी सहाला होंगमनहून पायी. तुम्ही आणि आई बसने चोंगथ्येनमन, तिथून रोपवेने वर. भेटायची जागा आधीच ठरवा, गर्दीत फोन लागेलच असं नाही. पण माथ्याजवळची ती प्रसिद्ध कोरीव शिळा ठरवू नका. ५ युआनच्या नोटेमागे ताइशानच आहे ना, ती नोट हातात धरून शिळेशेजारी फोटो काढायला रांग असते.

बाबांना एक जागा चुकवू देऊ नका: जिंगशियू. मुख्य वाटेपासून थोडं आत, चोंगथ्येनमनच्या बरंच खाली. ओढ्याच्या उतरत्या कातळावर आपल्या वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्राचा चिनी पाठ कोरलाय. सहाव्या शतकातलं काम, एकेक अक्षर हातभर मोठं, आणि हजाराहून जास्त अक्षरं अजून शाबूत. वर पोचायच्या घाईत बहुतेक लोक तिकडे वळतच नाहीत, त्यामुळे सुट्टीतही बसायला जागा मिळते.

उतरायला थाओहुआयुआनचा रोपवे पाहा, पश्चिमेकडून उतरतो. रांग तिथेही असेल, पण मुख्य रोपवेवर डोळे झाकून जाऊन उभे राहू नका. आईंना पायऱ्यांनी उतरवू नका, गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं महागात पडतं.

खाण्याचं सोपं आहे. शान्तोंगचं जिएनबिंग मिळतं, धान्याची पातळ कोरडी पोळी, आत कांद्याची जाड पात. अंडं-सॉसेज नको, फक्त पात, असं ठणकावून सांगा. पाकिटातले नूडल्स बहुतेक मांसाच्या मसाल्याचे. उकळतं पाणी मात्र मिळतं, तेव्हा आईंना नाशिकहून उपम्या-पोह्यांची तयार पाकिटं आणायला सांगा. प्रवेशाची नोंदणी नावानिशी होते, चौघांचे मूळ पासपोर्ट जवळ हवेत.

रसिका_शांघाय

दगडूदादांचा अनुभव मोठा, पण मी नाहीच म्हणेन. २०१२ला याच सुट्टीत, २ ऑक्टोबरला, हुआशान या दुसऱ्या डोंगरावर खाली न्यायला बस मिळेना म्हणून हजारो लोक रात्री उशिरापर्यंत अडकले होते. व्यवस्था सुधारली असेल, माणसं कमी झालेली नाहीत. आणि निंबोणी, बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग कुणीच सांगत नाही, ती मी सांगते: अर्धा-पाऊण तास धरून चाल. आईंना घेऊन सुझौच्या बागाही नकोत त्या आठवड्यात, घरीच पुरणपोळी करा.

भटक्या७८

२०२३च्या जुलैत लोहगडाच्या पायऱ्यांवर रविवारी जी गर्दीची कोंडी झाली ती पाहिलेल्यांना ताइशानची भीती घालू नका :) तिथे निदान रोपवे आहे.

दगडू_जिनानकर

रसिकाताई, स्वच्छतागृहाचा मुद्दा एकशे एक टक्के मान्य. पण ज्यांना डोंगर चढायचाय त्यांना पुरणपोळीवर गप्प बसवता येत नाही, माझ्या वडिलांवर करून पाहिलंय.

निंबोणी

सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. जिंगशियूचं ऐकल्यावर आता ते शिखरापेक्षा त्या कातळाबद्दलच बोलतायत. आई म्हणते, बस आणि रोपवे असेल तर येते, नाहीतर हॉटेलात बसते. ६ तारीख धरतोय. एक शेवटचं: तिकिटाच्या ॲपवर ताइआन आणि ताइशान अशी दोन स्टेशनं दिसतायत. कुठलं घेऊ?

दगडू_जिनानकर

ताइआन. सुझौ नॉर्थहून येणाऱ्या जलद गाड्या तिथेच थांबतात. ताइशान हे जुनं स्टेशन, साध्या गाड्यांचं. डोंगराला जवळ आहे, पण तुमच्या कामाचं नाही. ताइआनहून टॅक्सी करा आणि आदल्या रात्री होंगमनजवळच मुक्काम ठेवा. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, आजच बघायला लागा.