३० तासांत लॅटिन आणि ग्रीक: सुरुवात कुठून करावी?

तालुक्याचं_कॉलेज
नमस्कार. आमचं महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. येत्या सेमिस्टरला २ क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा, लॅटिन आणि प्राचीन ग्रीकचा प्रारंभिक अभ्यासक्रम घ्यायचा आहे. नावं नोंदवलीत ती बी.ए.च्या पाली-संस्कृतवाल्यांनी आणि बी.एस्सी. वनस्पतीशास्त्राच्या काही मुलांनी. सगळे मराठी माध्यमातले. पुस्तकं इंग्रजीतून, त्यामुळे मुलं आधी इंग्रजीशी झगडतात, मग लॅटिनशी. शिवाय कापसाची वेचणी लागली की निम्मा वर्ग शेतात. एक तास बुडाला की पुढचं सगळं अडलं, अशी आखणी नको. दोन्ही भाषा बसतील का? मराठी मुलं नेमकी कुठे चुकतात?

विभक्ती_वर्धा
सर, दोन्ही निम्म्या-निम्म्या शिकवाल तर एकही हाती लागणार नाही. २२ तास लॅटिन, शेवटचे ८ तास ग्रीक. आणि मध्ये इंग्रजी आणूच नका. मराठीत तीन लिंगं आहेत, विभक्ती आहेत, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. यातलं बरंच इंग्रजीत नाही, म्हणून ती पुस्तकं जिथे पानंच्या पानं खर्च करतात तिथे आपल्या मुलांना एक तास पुरतो.

चुका मात्र ठरलेल्या आहेत. पहिली ‘ला’ची. शाळेच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय स, ला, ते, म्हणून ‘मुलीला पाहतो’ आणि ‘मुलीला देतो’ दोन्हीकडे मुलं एकच रूप घालतात. लॅटिनमध्ये पहिलं ‘पुएल्लम्’, दुसरं ‘पुएल्लाय’. उलट निर्जीव कर्माला मराठीत प्रत्ययच नसतो (‘गुलाब पाहतो’), तिथे ‘रोसम्’ऐवजी सरळ प्रथमेतलं ‘रोस’ लिहितात. सुरुवातीचे आठ-दहा तास प्रत्येक वाक्यात कर्माखाली एक रेघ आणि ज्याला दिलं-सांगितलं-दाखवलं त्याच्याखाली दोन रेघा मारायला लावा, भाषांतर त्यानंतरच.

दुसरी चूक ‘ने’ची, आणि ही जास्त चिवट. ‘मुलीने गुलाब पाहिला’ म्हटलं की मुलगी तृतीयेत जाते, म्हणून वहीत ‘पुएल्ला रोसम् वीदित्’ उतरतं. लॅटिन कर्तरी वाक्यात भूतकाळातही कर्ता प्रथमेतच: ‘पुएल्ल रोसम् वीदित्’. हे पक्कं झाल्यावर, विसाव्या तासाच्या सुमारास, ‘रोस आ पुएल्ला वीस एस्त्’ हे कर्मणी वाक्य द्या. त्यात क्रियापदाचं लिंग कर्माप्रमाणे बदलतं, अगदी आपल्या ‘पाहिला-पाहिली’सारखं. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे अडखळतात, आपली नाही. तसंच ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘मिहि दुओ फ्रात्रेस् सुन्त्’ असं शब्दाला शब्द जमून जाते.

उच्चार देवनागरीत लिहून द्यायला हरकत नाही, पण दोन धोके आहेत. मराठीत शेवटचा अ गिळला जातो, मग ‘पुएल्ल’चं ‘पुएल्ल्’ होतं. तो अ मोठ्याने म्हणवून घ्या, कारण प्रथमा आणि ‘पुएल्ला’ यांच्यात फरक तेवढाच. आणि ए-ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लिपीत वेगळे दिसत नाहीत: ‘वेनित्’ म्हणजे येतो आणि आलाही. पहिल्या दिवसापासून दीर्घ ए-ओच्या डोक्यावर आडवी रेघ द्या.

बुडणाऱ्या तासांसाठी: दर तासाला एकच झेरॉक्स पान. नवे शब्द १२, नवं रूप एक, वाक्यं आठ. दर चौथा तास फक्त वाचनाचा, नवीन काहीच नाही. वेचणीवरून परतलेला मुलगा तिथे पुन्हा रांगेत येतो.

पाली_भंडारा
ग्रीकच्या ८ तासांबद्दल. ‘अल्फा, बीटा’ची यादी पाठ करवू नका, मिनँडर या ग्रीक राजाचं नाणं फळ्यावर काढा. हाच ‘मिलिन्दपञ्ह’ या पाली ग्रंथातला राजा मिलिंद, पालीच्या मुलांच्या ओळखीचा. एका बाजूला ग्रीक ‘बसिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. तीनच शब्द (‘त्राता राजा मिनँडरचं’), पण २४ पैकी १५ अक्षरं त्यात येतात. शिवाय तिन्ही शब्द षष्ठीत. पालीतलं ‘धम्मस्स’ (धम्माचा) येणाऱ्याला खरोष्ठीची बाजू सांगावी लागत नाही, आणि तिच्या आधाराने ग्रीक प्रत्यय तो स्वतः ओळखतो. इंग्रजी पीसारखं दिसणारं अक्षर ‘र’ आहे आणि एचसारखं दिसणारं दीर्घ ‘ए’, एवढं मात्र पुन्हा पुन्हा बजावा.

नंतर कंदाहारला १९५८ मध्ये सापडलेला अशोकाचा ग्रीक-अरामी लेख घ्या. त्यात ‘बसिलेउस पिओदस्सेस एउसेबेइअन् एदेइक्सेन् तोइस अन्थ्रोपोइस’, म्हणजे राजा प्रियदर्शीने माणसांना धम्म दाखवला. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी एका ओळीत. ‘एदेइक्सेन्’मधला आधीचा ए आणि मधला स म्हणजे पालीच्या ‘अदासि’तले (त्याने दिलं) अ आणि स. भूतकाळाचा तक्ता देण्याआधी हे दोन शब्द शेजारी लिहा.

थ आणि ख आपल्या पोरांना आयते येतात, फ मात्र ओठ मिटून म्हणवून घ्या, नाहीतर इंग्रजी एफ होऊन जातो.

तालुक्याचं_कॉलेज
नाण्याची कल्पना फार उपयोगाची आहे, धन्यवाद. संस्कृतवाले पंचमी-सप्तमी कुठे गेली म्हणून विचारतील, त्यांना काय सांगू? आणि वनस्पतीशास्त्राच्या मुलांना वाक्यांत रस वाटेल का?

विभक्ती_वर्धा
लॅटिनने तृतीया, पंचमी आणि सप्तमी एका रूपात ओतल्या. ग्रीकने तृतीया-सप्तमी चतुर्थीत घातल्या, पंचमी षष्ठीत. फळ्यावर आठ घरं काढून बाण दाखवा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

रानपाखरू
वनस्पतीशास्त्राच्या मुलांना विशेषणाचं लिंग त्यांच्याच झाडांवरून द्या. पिंपळ ‘फिकुस रेलिगिओस’, चिंच ‘तामारिन्दुस इन्दिक’, आपलं संत्रं ‘किट्रुस रेतिकुलात’. नाम पुल्लिंगासारखं ‘उस’ने संपतं तरी विशेषण स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात. देशी कापूस ‘गॉस्सिपिउम् आर्बोरेउम्’ नपुंसकलिंगी. तेंदूचं ‘मेलानोक्सिलोन’ ग्रीक आहे: काळं लाकूड. यावर दोन तास घाला, जास्त नको. या नावांत क्रियापदच नसतं, त्यामुळे भाषा त्यांवर उभी राहत नाही. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत मात्र ‘सिट्रस’च म्हणा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि परीक्षेत मराठीतून लॅटिनमध्ये लांब वाक्यं देऊ नका. न पाहिलेली १० लॅटिन वाक्यं द्या. प्रत्येकी एक गुण विभक्ती ओळखण्याला, एक अर्थाला.