नववीतला मुलगा अचानक बिघडलाय, स्वभाव म्हणायचा की अजून काही?

वर्गशिक्षिका_नववी: माझ्या वर्गातला एक मुलगा आठवीपर्यंत नीट होता, वह्या पूर्ण, हजेरी चांगली. दिवाळीनंतर तासाला दांड्या, दोन मारामाऱ्या, परवा तर नळ तोडला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात मुळात स्वभावच तसा, दाखला हातात द्या. आठवीपर्यंत आरटीईमुळे (शिक्षण हक्क कायदा) शाळेतून काढता येत नाही, नववीत ती आडकाठी नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटतेय. स्वभाव आणि मनःस्थिती यात फरक कसा ओळखायचा?

समुपदेशक_ताई: मॅडम, आधी बघा की हे सुरू कधी झालं. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये हेच मांडलं होतं, काही थोडी मुलं अगदी लहानपणापासून मारामारी, खोटं बोलणं असं करत येतात आणि मोठेपणीही ते सुटत नाही, पण बरीच मुलं फक्त किशोरवयातच वाकडी वागतात आणि नंतर सरळ होतात. पहिल्या गटात उतावळेपणा, स्वतःवर ताबा नसणं असं काही ना काही बालवाडीपासून दिसतं. तुमचा मुलगा त्यात बसत नाही. अचानक बदललाय, म्हणजे घरात काय झालं ते शोधा. आणि या वयातलं डिप्रेशन रडण्यातून दिसेलच असं नाही, कित्येकदा नुसती चिडचिड असते, झोप बिघडते, आवडीचा खेळसुद्धा सोडून देतात, आणि आपण त्याला उद्धट म्हणून मोकळे होतो.

दोन_पोरांचा_बाप: संगतीचं काय पण? एकटा असला की गरीब गाय, चार जण जमले की वेगळाच.

समुपदेशक_ताई: बरोबर दादा, या वयात मित्र बघतायत म्हटलं की धोका पत्करायची तयारी वाढते. पण उतावळ्या मुलावर त्याचा परिणाम जास्त होतो, म्हणून एकाच टोळक्यातले सगळे सारखे वागत नाहीत.

गणित_सर: मॅडम, जुन्या वर्गशिक्षकांना विचारा आणि दांड्या कोणत्या वारी, कोणत्या तासाला ते हजेरीपटावर बघा. आमच्याकडे एका मुलीच्या दांड्या फक्त पीटीच्या दिवशी असायच्या, तिला तिथे चिडवत होते. नळाचे पैसे भरून घ्या, ते सोडू नका, पण वर्गासमोर अपमान नको.

वर्गशिक्षिका_नववी: आत्ताच हजेरीपट काढला, सगळ्या दांड्या सोमवारी आणि मंगळवारी आहेत. वडील कामासाठी बाहेरगावी असतात, रविवारी घरी येतात एवढं माहितीये. आईला एकटीलाच बोलावू का?

समुपदेशक_ताई: हो, एकटीलाच. पण आधी मुलाशी बोला, आणि आईला बोलावणार आहात हे त्याला सांगून ठेवा. स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलला तर वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.