विषय: घरी अखंड बडबड, वर्गात अवाक्षर नाही

नमस्कार मंडळी,

लेक आठ वर्षांची. इथल्या परक्या भाषेतल्या शाळेत घालून चार महिने झाले. घरी तोंडाला खळ नसतो, वर्गात मात्र अवाक्षर काढत नाही. परवा बाईंनी विचारलेलं गणित तिला येत होतं, घरी येऊन घडाघडा सांगितलं. "मग तिथे का नाही बोललीस?" तर म्हणाली, "मी वाक्य जुळवेपर्यंत बाई दुसऱ्याकडे वळल्या." बाई म्हणतात, घरात मराठी बंद करा. करावं का? मला काही सुचत नाहीये.

—

ताई,

मराठी अजिबात बंद करू नका. ती भांडते, शंका विचारते, रुसते ती याच भाषेत. ती काढून घेतलीत तर शाळेची भाषा लवकर येणार नाही, उलट घरातही ती गप्प होईल.

नव्या भाषेत आलेली बरीच मुलं सुरुवातीला नुसती ऐकतात, कधी आठवडे, कधी महिने. मी अशाच मुलांना शिकवते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या अभ्यासाप्रमाणे खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत वर्गाची बरोबरी करायला ५ ते ७ वर्षं लागतात. त्यापुढे चार महिने म्हणजे काहीच नाही.

आणि दुखणं तर लेकीनेच नेमकं सांगितलंय. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत होते. ३ सेकंद थांबायला लागल्यावर एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. बाईंना एवढंच सांगा: उद्याचा एक प्रश्न आदल्या दिवशी कळवा, आधी शेजारणीला उत्तर सांगू द्या, चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी वह्या वाटायचं काम दिलं होतं. आठवडाभर तो नुसती वही पुढे करायचा. मग एके दिवशी एक नाव पुटपुटला. ज्याचं नाव होतं तो म्हणाला, "हो, माझीच." बस्स, तेवढंच. महिन्याभरात सगळी नावं मोठ्याने घ्यायला लागला.

एक मात्र बघा. तिथल्या मराठी मंडळातल्या मुलांशी ती मराठीत बोलते ना? तिथेही महिनोन्महिने गप्प असेल, तर प्रश्न भाषेचा नसेल. मग वाट बघू नका, वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा.

—

ताई, खूप आभार. मंडळात तर ती सगळ्यांवर दादागिरी करते! आज बाईंना भेटले. मराठीचं त्यांना समजावलं, प्रश्न आदल्या दिवशी कळवायला त्या लगेच तयार झाल्या. पहिला आलाही: झाडाला पाणी कुठून मिळतं? हे लिहितेय तोवर आतल्या खोलीत तिचं तेच वाक्य तिसऱ्यांदा चाललंय. मी मुद्दाम आत गेले नाही.