१९६२चा पराभव ‘थ्री नॉट थ्री’च्या माथी मारणं बंद करा

खडकीकर:
दर ऑक्टोबरला तेच तुणतुणं. चिन्यांकडे ऑटोमॅटिक, आपल्याकडे पहिल्या महायुद्धातली थ्री नॉट थ्री रायफल, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, म्हणून हरलो. मुळात त्या काडतुसात खोट काय होती? तिच्या मार्क ७ काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची (साधारण ११ ग्रॅम), वेग सेकंदाला साधारण ७४० मीटर. टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा, त्यामुळे बूड जड. शरीरात शिरली की कोलांटी खाते. चिनी ७.६२×३९ (गोळीचा व्यास आणि दारूच्या पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) तिच्यापुढे हलकी, तीनशे-चारशे मीटरपुढे तिचा दम जातो. आजच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीच्या काठी जवानांकडे फक्त पाऊचमधल्या गोळ्या, मागून पुरवठा तुटलेला, अंगावर सुती कपडे आणि तोफांचा आधार नावापुरता. त्यांच्या हातात एके दिली असती तरी किती वेळ पुरली असती? दोष दिल्लीचा, काडतुसाचा नाही.

रानभूल:
खडकीकर, काडतुसं काट्यावर ठेवा. थ्री नॉट थ्रीचं एक साधारण २५ ग्रॅम, चिन्यांचं १६. म्हणजे शंभर गोळ्यांमागे जवळजवळ एक किलोचा फरक, तोही पाठीवरून डोंगर चढवायचा. पुरवठा तुटला म्हणता, मग वजन पुरवठ्यात येत नाही का? आणि झाडीत, पहाटेच्या अंधारात हजार मीटर जाणारी गोळी काय चाटायची आहे? जर्मनांना हे दुसऱ्या महायुद्धातच कळलं, म्हणून त्यांनी ७.९२ची पुंगळी ५७ मिलिमीटरवरून ३३वर आणली. रशियानेही १९४३ मध्ये तोच रस्ता धरला.

बोल्टवाला:
थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाची बाहेर आलेली कड विसरलात दोघेही. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली की बोल्ट पुढे ढकलताना अडकलंच. पाच-पाचच्या क्लिपा नीट लावलेल्या असल्या तर प्रश्न नाही, पण गारठलेल्या बोटांनी सुट्या गोळ्या भरून बघा म्हणावं.

खडकीकर:
कड मान्य, पण ब्रेन ही हलकी मशीनगन याच कडेच्या काडतुसावर चालायची आणि उत्तम चालायची. रानभूल, तुम्ही रायफल आणि काडतूस एकाच पोत्यात भरताय. अमेरिकनांनी कोरियात .३०-०६ काडतूस वापरलं, तेही जड आणि पूर्ण ताकदीचं, पण त्यांच्या गॅरंड रायफलीत आठ गोळ्या बोल्ट न ओढता सुटायच्या. आपलं अडलं ते बोल्टपाशी.

रानभूल:
म्हणून तर ६२ नंतर काय केलं ते बघा! एसएलआर ही आपोआप भरणारी रायफल आली, हाताने बोल्ट ओढणं गेलं, काडतूस मात्र ७.६२×५१, वजन पुन्हा २४ ग्रॅमच्या आसपास. ब्रिटिशांनी .२८०चं छोटं काडतूस तयार ठेवलं होतं. अमेरिका अडून बसली, नाटोने १९५४ मध्ये मोठंच घेतलं आणि आपण त्यांच्यामागून गेलो. छोट्या ५.५६ काडतुसाची इन्सास रायफल यायला नव्वदचं दशक उजाडलं.

बोल्टवाला:
आणि २००८ला सीएसटीवर? रेल्वे पोलिसांकडे थ्री नॉट थ्री, समोर एके. ४६ वर्षांनी तीच दोन काडतुसं पुन्हा समोरासमोर.

खडकीकर:
त्या पोलिसांना वर्षाकाठी सरावाला किती गोळ्या मिळत होत्या, ते आधी विचारा. मग काडतुसाचं बोलू.

रानभूल:
विचारू की. पण बोल्ट ओढेपर्यंत समोरच्याचं अर्धं मॅगझिन रिकामं होतं, ते सरावाने कसं भरून काढणार तेही सांगा.