द्विशिक्षकी शाळेत दीक्षा ॲपची शिकवण्याशी सांगड कशी घालावी?

प्रश्न (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा): नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी असून तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग मी एकाच खोलीत सांभाळते. लोकसहभागातून मिळालेला एक टीव्ही आणि एक टॅब एवढीच साधने आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून मी व्हिडिओ दाखवते. मुले रमून पाहतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांना चित्रे आठवतात, गणिताची रीत आठवत नाही. पालकांच्या गटावर पाठवलेला अभ्यासही अनेक मुलांपर्यंत पोहोचत नाही, कारण घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि ते परततात तेव्हा मूल झोपलेले असते. काय करावे?

उत्तर १ (बहुवर्ग अध्यापन करणारा शिक्षक): ताई, माझी अडचण हीच होती. मी क्रम बदलला आणि फरक पडला. 52 वजा 27 हे उदाहरण घ्या. आधी प्रत्येक गटाला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्यात. सात काड्या काढायच्या आहेत आणि सुट्या तर दोनच आहेत, हे लक्षात आल्यावर कोणीतरी आपणहून एका गठ्ठ्याचे रबर काढतेच. हातचा म्हणजे काय, हे मुलाला त्या क्षणी कळते. त्यानंतर दोन-तीन मिनिटांचाच व्हिडिओ लावावा, हातच्यापाशी तो थांबवावा आणि पुढे काय होईल ते मुलांकडून वदवून घ्यावे. तिसरी काड्यांवर काम करत असताना चौथीला टॅबवर सराव देता येतो आणि आपल्याला एका गटाजवळ निवांत बसता येते. माझ्या मते टॅबचा खरा लाभ हाच आहे.

उत्तर २ (शिक्षक): पाठ आदल्या दिवशीच ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवावेत, म्हणजे वर्गात रेंज नसली तरी अडत नाही. घरच्या अभ्यासासाठी मात्र फोन गृहीत धरू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. 2020 मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तिला इंटरनेट लागत नव्हते. आपणही वर्गात पाहिलेल्या पाठावर वहीत करता येईल असेच काम द्यावे, उदाहरणार्थ घरातील तीन भांड्यांत किती पेले पाणी मावते ते मोजून लिहिणे.

उत्तर ३ (निवृत्त केंद्रप्रमुख): तयार व्हिडिओंवरच थांबू नका. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत वापरलेल्या क्यूआर कोडच्या मुळाशी स्वतः तयार केलेले ध्वनिमुद्रित पाठ, कविता आणि स्वाध्याय होते. आपल्या मुलांच्या बोलीत कविता ध्वनिमुद्रित करा, मुलांचे वाचनही ध्वनिमुद्रित करा. अडखळत वाचणारे मूल स्वतःचा आवाज ऐकल्यावर तोच उतारा पुन्हा वाचायला मागते, हे मी अनेक शाळांत पाहिले आहे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी दहा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा एका मिनिटाचे हे ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका: सर्वांचे मनापासून आभार. उद्या काड्या आणि रबर घेऊन वजाबाकीपासून आरंभ करते. व्हिडिओ नंतरच लावीन.