नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही
दादा, तुम्ही लिहिलंय की अपघाताच्या भरपाईच्या दाव्याला डिसॅबिलिटी सर्टिफिकेट जोडलं की झालं, न्यूरॉलॉजिस्टला म्हणजे मेंदूच्या डॉक्टरला कोर्टात कशाला ओढायचं. तसं नसतंय बघा. आमच्या मामांना खानापूर रोडला टेम्पोनं उडवलं, हातपाय धड पण डोक्याच्या मारानं फिट्स सुरू झाल्या, आणि माणूस गवंडी, आता परांचीवर कोण चढवणार सांगा? सुप्रीम कोर्टानं २०१० ला राजकुमार विरुद्ध अजयकुमार मध्ये स्पष्ट सांगितलंय, अपंगत्वाचे टक्के वेगळे, कमाईचं नुकसान वेगळं, आणि उपचार केलेल्या नाहीतर तपासलेल्या डॉक्टरची साक्ष पाहिजे. मामांच्या केसमध्ये समोरचा वकील ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या तपासणीचा, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून नाचवत होता, डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की ईईजी नॉर्मल असला तरी फिट येऊ शकते. हे कागद बोलत नाही. डॉक्टरांची तारीख आधीच विचारून ठेवा.